घडीतली ओल आणि फवाऱ्याचा मोह
सुरकुत्यांच्या जातींच्या श्वानांची त्वचा, तिच्यातील परजीवी आणि निगा

2003 मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागे मागे चालणारा पग भारतातील घराघरांत पोहोचला. तोवर महानगरांतील मोजक्या हौशी लोकांपुरता असलेला हा चपट्या नाकाचा, कपाळावर आठ्या घातलेला कुत्रा पाहता पाहता तालुक्याच्या गावी आला आणि तेथून शेतघराच्या ओट्यावरही येऊन बसला. कुत्र्याची निगा म्हणजे उरलेली भाकरी आणि पावसात आडोसा, एवढीच कल्पना असलेल्या अनेक घरांत त्याचे आगमन झाले. पहिल्याच पावसाळ्यात त्याच्या नाकावरच्या घडीतून कुबट वास येऊ लागतो, चेहरा लाल होतो, कुत्रा तोंड जमिनीवर घासू लागतो. आणि पिकावरील कीड दाखवायला कृषी विज्ञान केंद्रात आलेला शेतकरी जाता जाता विचारतो, ‘गोठ्यात गोचिडांसाठी मारतो तेच औषध याच्या तोंडावर मारले तर चालेल का?’

या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. पण कारण न सांगितलेले ‘नाही’ घरी पोहोचेपर्यंत टिकत नाही, कारण घरी औषधाची बाटली आणि पंप दोन्ही तयार असतात. म्हणून विस्तार कार्यकर्त्याला सुरकुतीच्या आत काय घडते याची थोडी माहिती असणे आवश्यक ठरते. विषय पशुवैद्यकाचा असला, तरी त्याचा मोठा भाग कीटकशास्त्राच्या परिचयाचा आहे.

घडी हाही एक अधिवास

कणगीतील धान्याच्या एका कोपऱ्याने ओल धरली की बुरशी आणि किडी तेथूनच सुरू होतात; उरलेले धान्य कितीही कोरडे असले तरी तो कोपरा पुरेसा असतो. त्वचेच्या घडीचे नेमके असेच असते. दोन पृष्ठभाग एकमेकांवर टेकलेले, मध्ये वारा नाही, उजेड नाही, शरीराची ऊब कायमची. त्यात डोळ्यांतून ओघळणारे पाणी, लाळ, पाणी पिताना उडालेले थेंब, अन्नाचे कण, त्वचेचा स्निग्ध स्राव आणि मृत पेशी साचत जातात. हालचालीबरोबर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर घासले जातात आणि वरचा संरक्षक थर झिजतो.

अशा जागी बाहेरून कोणी शत्रू येण्याची गरजच नसते. स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हा जीवाणू आणि मॅलॅसेझिया पॅकिडर्मॅटिस ही यीस्ट, दोन्ही निरोगी कुत्र्याच्या अंगावर अल्प संख्येने नेहमीच असतात. ओल आणि ऊब मिळाली की त्यांची संख्या भरमसाट वाढते, त्वचा लाल होते, चिकट पिवळसर किंवा तपकिरी स्राव साचतो आणि वास येतो. रोग म्हणून ज्याला नाव द्यायचे, तो या घडीचा त्वचादाह. केवळ जंतू मारून तो तात्पुरता शमतो. घडी ओली राहिली तर महिन्याभरात परत येतो.

घडी कोठे आहे त्यावर तिचा त्रास ठरतो. पग आणि बुलडॉग यांच्यात नाकाच्या वरची घडी सर्वांत त्रासदायक, कारण ती डोळ्यांना लागून असते आणि तिच्यावरील केस थेट बुबुळाला घासू शकतात. बुलडॉगच्या पिळदार, आखूड शेपटीखाली आणखी एक खोबण असते. ती पाहण्याचे बहुतेक मालकांच्या ध्यानातही येत नाही. कॉकर स्पॅनियल आणि सेंट बर्नार्ड यांच्या लोंबत्या खालच्या ओठांत लाळ साचते. स्थूल मादीत जननेंद्रियाभोवती घडी पडते आणि मूत्राच्या ओलाव्याने चिघळते. येथे जातीचा दोष नसतो. वाढत्या वजनाचा असतो. वजन उतरले की घडी उथळ होते, आणि या एका उपायाने जे साधते ते अनेकदा मलमांनी साधत नाही. सणासुदीची पुरणपोळी आणि दुधाच्या वाट्या यांचा हिशेब मांडताना कुटुंबाला हे सांगण्यास संकोचू नये.

सुरकुत्यांच्या टोकाचे उदाहरण म्हणजे दक्षिण चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातील शार-पेई. नावाचा अर्थ ‘वाळूसारखी कातडी’, आणि हात फिरवला की तो पटतो. 1970 च्या दशकात ही जात नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर होती. 1973 मध्ये हाँगकाँगमधील मॅटगो लॉ यांनी अमेरिकेतील श्वानप्रेमींना तिला वाचवण्याचे आवाहन केले. जात वाचली, पण पुढील पैदाशीत भरपूर सुरकुत्यांनाच पसंती मिळत गेली. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून या पसंतीची किंमत समोर आली. या श्वानांत एचएएस2 या जनुकाच्या जवळचा सुमारे 16.1 किलोबेस लांबीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा आढळतो. त्याचा संबंध हायलुरोनन या पाणी धरून ठेवणाऱ्या द्रव्याच्या अतिनिर्मितीशी आहे. ते त्वचेत साठते आणि त्वचा जाड, घड्यांची होते. तोच तुकडा या जातीत वारंवार येणाऱ्या तापाशीही जोडलेला आढळला. हा ताप पुढे काही श्वानांत मूत्रपिंडाच्या गंभीर विकारापर्यंत जातो. ज्या सुरकुतीसाठी पिल्लू विकत घेतले जाते, तिच्यासोबत आजाराची शक्यताही घरी येते.

भारतात शार-पेई विरळाच. पण निवडीचे हे गणित पगलाही लागू आहे, आणि आपल्याकडील मुधोळ हाउंड, म्हणजे मराठी मुलखातील कारवानी कुत्रा, त्याच्या शेजारी उभा केला की फरक डोळ्यांत भरतो. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने नोंदणी केलेल्या राजापालयम, चिप्पिपराई आणि मुधोळ हाउंड या तिन्ही देशी जातींच्या अंगावर सैल कातडी जवळजवळ नाही. उष्ण प्रदेशात धावण्यासाठी घडलेल्या शरीराला घड्या परवडल्या नसत्या.

नारळाच्या देठाखालचा कोळी आणि केसांच्या मुळाशी राहणारा कोळी

कोकण, गोवा आणि केरळमधील बागायतदारांना इरिओफाइड कोळी वेगळा सांगावा लागत नाही. 1998 मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात त्याची भारतातील पहिली नोंद झाली आणि काही वर्षांत नारळाच्या सालीवर तपकिरी, भेगाळलेले चट्टे सर्वत्र दिसू लागले. फवारण्या झाल्या, पण अपेक्षित गुण आला नाही. कारण हा कोळी देठाजवळील पाकळ्यांच्या टोपीखाली, जेथे फवाऱ्याचा थेंब शिरत नाही, तेथे राहतो. म्हणूनच मुळांद्वारे औषध देण्याची पद्धत पुढे आली.

कुत्र्याच्या त्वचेतील डेमोडेक्स कॅनिस हा कोळी त्याचा दूरचा नातलग आणि राहणीमानाने सख्खा भाऊ शोभावा असा. लांबट, सिगारसारखा, जेमतेम पाव मिलिमीटरचा. इरिओफाइडला पायांच्या दोन जोड्या, याला आखूड पायांच्या चार. त्याचे सगळे आयुष्य केसांच्या मुळाशी असलेल्या पोकळीत जाते. आईच्या अंगावरून तो पिल्लाच्या अंगावर येतो, तोही जन्मानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, दूध पिताना. अंड्यापासून प्रौढापर्यंतचे चक्र साधारण तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते. बहुतेक कुत्र्यांत तो निरुपद्रवी भाडेकरूसारखा राहतो. ज्यांची प्रतिकारक्षमता त्याला आवर घालू शकत नाही, त्यांच्यात त्याची संख्या बेसुमार वाढते, केस गळतात, कातडी जाड व काळपट होते, पुढे पुवाचे फोड येतात. मराठीत याला आपण सरसकट ‘लूत’ म्हणतो. पग, बुलडॉग आणि शार-पेई यांसारख्या आखूड केसांच्या जातींत तिचे प्रमाण अधिक दिसते.

‘लूत’ हा एक शब्द दोन अगदी वेगळ्या आजारांना लावला जातो, आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो. दुसरी लूत सार्कोप्टीस या कोळ्याची. हा त्वचेच्या वरच्या थरात बोगदे करतो, त्याची खाज भयंकर असते, तो कुत्र्यावरून कुत्र्यावर झपाट्याने जातो आणि माणसाच्या हाता-पोटावरही काही काळ खाजरे पुरळ उठवतो. डेमोडेक्सची खाज आरंभी फारशी नसते आणि तो माणसाला होत नाही. शेतावर तपासण्याजोगी एक खूण आहे. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून हलकेच चोळावी. कुत्र्याचा मागचा पाय आपोआप खाजवल्यासारखा हलू लागला, तर सार्कोप्टीसचा संशय बळावतो. खूण ती खूणच, निदान नव्हे. मुलांच्या हातावर गोल चट्टे उठले असतील तर तिसरा संशयित म्हणजे नायट्याची बुरशी, आणि अशा वेळी घरातील माणसांनाही डॉक्टरांकडे जावे लागते.

खरे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते आणि ते महागडे नाही. त्वचा चिमटीत दाबून, खनिज तेलाचा थेंब लावलेल्या बोथट पात्याने पशुवैद्यक ती खरवडतात, इतकी की किंचित रक्त पाझरावे. त्या नमुन्यात डेमोडेक्स हलताना दिसतो. यीस्टसाठी पारदर्शक चिकटपट्टी घडीवर दाबून ती रंगवून पाहतात. मॅलॅसेझियाच्या पेशी भुईमुगाच्या दुदाणी शेंगेसारख्या, मध्ये आवळलेल्या दिसतात. शार-पेईच्या जाड कातडीत मात्र खरवड अनेकदा रिकामी येते. तेथे केस उपटून मुळे पाहावी लागतात किंवा त्वचेचा बारीक तुकडा तपासणीसाठी घ्यावा लागतो.

तीन ते सहा महिन्यांच्या पिल्लाच्या तोंडावर किंवा पुढच्या पायावर एखाद-दुसराच केसगळतीचा डाग असेल, तर तो बहुधा विनाऔषध भरून येतो. अशा पिल्लावर औषधांचा मारा करण्याची घाई अनाठायी ठरते. सर्वांगावर पसरलेल्या लुतीला मात्र उपचार हवेतच. तेथे नारळाच्या कोळ्याचा धडा कामी येतो : वरून शिंपडलेला थेंब केसाच्या मुळाशी पोहोचत नाही, रक्तातून गेलेले औषध पोहोचते. गेल्या दशकात आलेल्या आयसोक्सॅझोलिन गटातील, तोंडावाटे द्यायच्या औषधांनी या आजाराचे चित्र बदलले. फ्लुरालॅनर, अफॉक्सोलॅनर, सॅरोलॅनर ही त्यांतील नावे. संधिपाद प्राण्यांच्या चेतापेशींतील क्लोराइड वाहिन्या ती बंद पाडतात. 2018 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या गटामुळे काही जनावरांत झटके, थरथर असे परिणाम दिसत असल्याचा इशारा दिला. फिट येण्याचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याबाबत ही गोष्ट पशुवैद्यकाला सांगितलीच पाहिजे. याच कुळातील रसायने आता पीकसंरक्षणातही वापरली जातात. त्यावरून कोणी पिकाची बाटली कुत्र्याकडे वळवू नये.

उपचारात सर्वाधिक आढळणारी चूक शेतकऱ्यांना ओळखीची आहे. कातडी चांगली दिसू लागली, केस उगवले, की औषध थांबवले जाते. कोळी तेव्हाही आत असतात. एक महिन्याच्या अंतराने घेतलेल्या सलग दोन खरवडींत एकही कोळी न आढळल्यावरच उपचार थांबवण्याची रीत आहे.

बाटली तीच, अंग वेगळे

आता मूळ प्रश्नाकडे. गाय सुमारे चारशे किलोची, पग सहा ते आठ किलोचा. एकाच मिश्रणाने दोघांना भिजवले, तर वजनाच्या मानाने लहान शरीराचा पृष्ठभाग कितीतरी अधिक असल्याने त्याला बसणारी मात्राही अधिक. त्यातही निरोगी कातडी आणि दाहाने सोललेली, बंदिस्त, ओली घडी यांत फरक आहे. दुसरी औषध कितीतरी वेगाने शोषते. गाय पाठीवरचे औषध क्वचितच चाटते, कुत्रा मात्र अंग चाटून स्वच्छ करतो. आणि तोंडावरच्या घडीत ओतलेला थेंब पहिल्यांदा डोळ्यात जातो.

पिकांवरील औषधांचा धोका आणखी वेगळा. ‘ईसी’ म्हणजे पायसकारी तीव्र द्रावणात विषारी घटकाबरोबर सेंद्रिय द्रावके आणि पायसकारके असतात. पानावरील मेणकट थर भेदण्यास जे साह्य करते, तेच त्वचेचा स्निग्ध थर भेदण्यासही करते. क्लोरपायरीफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधे कीटकाच्या आणि कुत्र्याच्या शरीरात एकाच विकराला, ॲसिटिलकोलिनएस्टरेजला, अडवतात. परिणाम तासाभरातही दिसू शकतो : तोंडाला लाळेची धार, बारीक झालेल्या बाहुल्या, जुलाब, स्नायूंची थरथर, धाप. अशा वेळी हातमोजे घालून, सौम्य साबण आणि भरपूर पाण्याने अंग धुवावे, दूध वा तूप काहीही पाजू नये, आणि कुत्र्याबरोबर औषधाची बाटली किंवा तिचे लेबल घेऊन पशुवैद्यकाकडे निघावे. लेबल विसरल्यास उपचाराचा मोलाचा वेळ अंदाज बांधण्यात जातो.

गोठ्यातील ॲमिट्राझबाबतही सावधगिरी हवी. कुत्र्यांच्या लुतीवर हे औषध पूर्वी बरेच वापरले गेले, पण ते ठरावीक सौम्यतेत आणि देखरेखीखाली. जास्त झाल्यास कुत्रा गुंगतो, नाडी मंदावते, रक्तातील साखर वाढते. आधीच श्वासाची ओढाताण असलेल्या चपट्या नाकाच्या जातीत हा जुगार खेळू नये. गुरांसाठीच्या 1 टक्का आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनचेही तेच. शिवाय कोली आणि तिच्या संकरांतील काही कुत्र्यांत एबीसीबी1 या जनुकातील दोषामुळे ते मेंदूत शिरते. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन लावलेला कुत्रा तिच्यापासून दूर ठेवावा, कारण मांजरीचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही.

रसायनांच्या पंक्तीत बसणारे घरगुती उपायही कमी नाहीत. जळके इंजिन ऑइल लुतीवर चोपडण्याची पद्धत अजूनही अनेक गावांत आहे. त्याने कोळी मरोत वा न मरोत, त्यातील जड धातू आणि हायड्रोकार्बन चाटण्यावाटे कुत्र्याच्या पोटात जातात. घडीत खोबरेल लावले की ओल आत अडकते. टाल्कम पावडर ओलाव्यात मळते आणि तिचा गोळा घासू लागतो. बाळाच्या लंगोटीच्या पुरळावरचे मलम निरुपद्रवी वाटते, पण त्यातील झिंक ऑक्साइड वारंवार चाटले गेल्यास तांबड्या रक्तपेशी नष्ट होऊन रक्तक्षय होऊ शकतो. आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीविना मिळणारी, तीव्र स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे तर लुतीला खतपाणीच घालतात. दोन दिवस लाली ओसरते, घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि दबलेल्या प्रतिकारक्षमतेचा लाभ डेमोडेक्स घेतो.

गोचीड, माशी आणि भिंतीची फट

गोचिडांच्या बाबतीत शेतकऱ्याचा अनुभवच त्याची दिशाभूल करतो. गुरांवरील प्रमुख गोचीड, रिपिसेफॅलस मायक्रोप्लस, एकयजमानी आहे. डिंभापासून प्रौढापर्यंत ती एकाच जनावरावर राहते, म्हणून जनावरावरील औषधाने तिचा बराच बंदोबस्त होतो. कुत्र्यावरील तपकिरी गोचीड, रिपिसेफॅलस सँग्विनियस, त्रियजमानी. ती रक्त पिऊन तीन वेळा खाली उतरते. दोनदा कात टाकण्यासाठी, तिसऱ्यांदा अंडी घालण्यासाठी. तिचा कल वर चढण्याकडे असल्याने ती भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, छपराच्या वाशांत जाऊन बसते. म्हणजे कोणत्याही क्षणी बहुसंख्य गोचिडी कुत्र्यावर नसतातच. एक मादी हजारो अंडी घालते आणि उपाशी प्रौढ गोचीड महिनोन्‌महिने तग धरते. अशा ठिकाणी भिंतीच्या भेगा बुजवून केलेला गिलावा हा वारंवारच्या फवारणीहून अधिक कामाचा. त्यासोबत पशुवैद्यकाने वजनानुसार दिलेले गोचीडनाशक पावसाळाभर नियमित हवे. ही गोचीड एर्लिकिया आणि बॅबेसियासारखे रक्ताचे आजार पसरवते. ताप, खाणे सोडणे, हिरड्या पांढुरक्या होणे, नाकातून रक्त येणे ही लक्षणे दिसली तर त्वचेची चिंता बाजूला ठेवून रक्ततपासणी करावी.

घड्यांच्या कुत्र्यात गोचीड शोधण्याचे कष्ट मोठे. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, गळ्याखालच्या घडीत आणि ओठांच्या मागे बोटे फिरवून पाहावे लागते. सापडलेली गोचीड चिमट्याने त्वचेच्या अगदी लगत धरून सरळ ओढावी. काडीचा चटका, रॉकेल, बोटांनी चिरडणे हे सर्व टाळावे.

पावसाळ्यातील दुसरा पाहुणा अधिक वेगवान आहे. क्रायसोमिया बेझियाना ही माशी जिवंत प्राण्याच्या जखमेच्या कडेला शे-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते. साधारण 12 ते 24 तासांत अळ्या बाहेर पडतात आणि जिवंत मांसात डोके खुपसून खाली खाली जातात. तिला उघडी मोठी जखम लागत नाही. चिघळलेली, वास येणारी घडीही पुरते. सकाळी केवळ लाल दिसलेली शेपटीखालची खोबण दुसऱ्या संध्याकाळी अळ्यांनी भरलेली आढळू शकते. टर्पेंटाइन किंवा फिनेल ओतण्याची सवय येथे फार महागात पडते, विशेषतः घडी डोळ्यांजवळ असेल तर. अळ्या चिमट्याने एकेक काढणे, जखम धुणे आणि वेदनाशामक देणे हे दवाखान्यातच व्हावे.

रोजची दोन मिनिटे

इतके सांगितल्यावर निगा अवघड वाटेल, पण तिला दोन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. लहानपणापासून पिल्लाला चेहरा हाताळू देण्याची सवय लावली तर तेवढेच. कुत्र्याला उजेडात बसवावे, अंगठा व तर्जनीने घडी अलगद उघडावी आणि आधी वास घ्यावा. नाक बहुधा डोळ्यांच्या आधी सांगते. मग औषध दुकानात मिळणाऱ्या साध्या सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या मऊ सुती फडक्याने, डोळ्याकडून दूर जाणाऱ्या दिशेने एकदा पुसावे. सलाइन नसेल तर एक लिटर पाणी उकळून त्यात 9 ग्रॅम मीठ घालून निववलेले पाणी त्या दिवसापुरते वापरता येते. प्रत्येक घडीला फडक्याचा नवा कोपरा. यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात आणि नेमकी तीच महत्त्वाची : कोरड्या जाळीदार पट्टीने किंवा मऊ फडक्याने टिपून घडी पूर्ण कोरडी करणे, आणि मिनिटभर ती उघडी धरून वारा लागू देणे. अर्धवट ओली ठेवलेली घडी न पुसलेल्या घडीपेक्षाही वाईट.

कोरड्या हवेच्या विदर्भात किंवा माळव्यात निरोगी पगला आठवड्यातून दोन-तीनदा हे पुरते. कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात रोज करावे लागते. गरजेपेक्षा जास्त घासल्यानेही त्वचा सोलते, हे विसरू नये. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांनी उतींना इजा होते. क्लोरहेक्सिडीनयुक्त द्रावण पशुवैद्यकाने सुचवल्यास शेपटीखाली वा ओठांच्या बाहेरील घडीत ठीक. डोळ्यालगत नको, कारण बुबुळाला ते अपायकारक आहे. औषधी शाम्पू सांगितला असेल तर फेस अंगावर दहा मिनिटे राहू द्यावा लागतो, नाहीतर तो वाया जातो. माणसांचा कोंड्याचा शाम्पू त्याला पर्याय नाही. अंग वाळवताना केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा वापरू नये. चपट्या नाकाचे कुत्रे उष्म्याने लवकर गळून जातात.

जेवण खोल वाडग्याऐवजी पसरट ताटलीत दिले तर चेहऱ्यावरच्या घडीत अन्न कमी शिरते. कानात कापसाच्या काड्या घालू नयेत. अरुंद कानाच्या जातींत त्या मळ आणखी आत ढकलतात. कुत्रा एक डोळा मिचकावू लागला, किंवा बुबुळावर निळसर-पांढरी झाक दिसली, तर त्याच दिवशी डोळा दाखवावा. घडीवरील केसांनी झालेला व्रण दुर्लक्षित राहिल्यास दृष्टी जाऊ शकते. वारंवार चिघळणारी नाकावरची घडी शस्त्रक्रियेने कमी करता येते आणि शार-पेईच्या पिल्लांत आत वळलेल्या पापण्या तात्पुरत्या टाक्यांनी बाहेर वळवतात. हा सौंदर्याचा सोस नसून वेदना थांबवण्याचा उपाय आहे.

पिल्लू घेताना

काही शेतकरी कुटुंबांनी पगची पैदास जोडधंदा म्हणून पत्करली आहे. त्यांच्यासाठी दोन गोष्टी. केंद्र सरकारच्या 2017 च्या श्वानपैदास व विक्रीविषयक नियमांनुसार राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी आवश्यक आहे. दुसरी गोष्ट अधिक जड आहे : ज्या कुत्र्याला सर्वांगावर डेमोडेक्सची लूत झाली होती, तो बरा झाला तरी पैदाशीस वापरू नये आणि त्याचे निर्बीजीकरण करावे. कोळी सर्वच आया देतात. प्रतिकारक्षमतेतील उणीव मात्र वंशातून येते. चांगली किंमत येणारी मादी वगळणे कठीण जाते, परंतु तिची पिल्ले ज्या घरांत जातील तेथील औषधांचा खर्च आणि तक्रारी शेवटी पैदास करणाऱ्याच्याच दारी परततात.

घेणाऱ्यानेही चेहऱ्यावर सर्वांत जास्त आठ्या असलेले पिल्लू निवडण्याचा आग्रह सोडावा. नाकपुड्या जितक्या मोकळ्या, नाकावरची घडी जितकी उथळ आणि डोळ्यांपासून दूर, तितके पुढचे पावसाळे सोपे. पिल्लाबरोबर त्याची आई पाहावी, तिची नाकावरची घडी बोटाने उचलून आतली कातडी कोरडी व फिकट आहे की लाल व ओली, हे स्वतः तपासावे. विक्रेता आई दाखवायला तयार नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.